निशाणी फणस

दिगूकाका धुरी कोणाच्या घरात पाऊल टाकायचे नाहीत. दारापर्यंत यायचे, चपला काढायचे, उंबऱ्याच्या अलीकडे दोन्ही पाय जुळवून उभे राहायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, "लक्ष असू द्या." मग विरजण मागायचे.

विरजण असो, पेचकस असो, पेपरची पुरवणी असो नाहीतर तापाची गोळी, मागण्याआधी "लक्ष असू द्या" हे ठरलेलं. नव्याने राहायला आलेल्यांना वाटायचं, वर्गणीवाले आले. आमच्या लालबागमध्ये दारात हात जोडून उभा राहिलेला माणूस एक तर मंडळाचा असतो नाहीतर पक्षाचा, आणि दोघांनाही घरातले मालक बाहेर गेल्याचं सांगतात. तळमजल्यावरच्या एका नव्या सुनेने काकांना तसं सांगितलं, तेव्हा काका म्हणाले, "गेले तर जावंदेत. इले की सांग, धुरी येऊन गेले. आणि वाटीभर दही आसात तर दी."

त्या सुनेचा अंदाज मात्र अगदीच चुकीचा नव्हता. काका उमेदवार आहेत. निवडणूक असो वा नसो, ते उमेदवार असतात. विधानसभेच्या मागच्या तिन्ही निवडणुका त्यांनी अपक्ष म्हणून लढवल्या आणि तिन्ही वेळा डिपॉझिट सरकारजमा केलं. यात तसं विशेष काही नाही, मुंबईत असे बरेच असतात. विशेष हे की त्यांचा मतदारसंघ लालबागचा नाही, कोकणातला आहे. तिकडे डोंगर आहे, खाडी आहे, वाड्या आहेत, आणि आमच्या चाळीतून तिथे पोहोचायला एसटीत रात्र काढावी लागते. स्वतः काकांचं मत लालबागमध्येच आहे. राज्यात कुठेही नाव असलं की कुठूनही उभं राहता येतं, एवढा कायदा त्यांना पाठ आहे. त्यामुळे ते ज्या निवडणुकीला उभे राहतात तिथे ते स्वतःला मत देऊ शकत नाहीत.

"काका, माझं नाव इथल्या यादीत आहे," मी त्यांना एकदा सरळच म्हटलं. "तुम्हाला मी मत देऊ शकत नाही. मग माझ्यापुढे हात कशाला जोडता?"

"सवय ऱ्हवता रे," काका म्हणाले. "हात एकदा सुटले की मगे जुळनत नाय."

आणि उंबऱ्याचं काय, असं विचारलं तर म्हणायचे, "शपथ एका उंबऱ्याची हा. पण पायाक काय कळता, ह्यो उमरो खयचो? म्हणान सगळ्यांचेच सोडले." स्वतःची खोली तेवढी त्यांनी वगळली होती, कारण शालूकाकी जेवायला बाहेर आणून देणार नाही असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

काका कॉटन ग्रीनला कापसाच्या गोदामात कारकून होते. गाठींवरचे नंबर ओरडून सांगण्यात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे त्यांना हळू बोलता येत नाही. ते कॉमन गॅलरीत उभे राहून कोणाच्या कानात काही सांगू लागले की समोरची चाळ खिडक्या उघडते. उंची बेताची, पांढरा शर्ट कायम इस्त्रीचा, आणि खिशाला दोन पेनं, त्यातलं एक न चालणारं. न चालणारं पेन कशाला, तर कोणी मागितलं तर द्यायला. असा हा माणूस आमदारकीच्या नादाला कसा लागला, याचं उत्तर एका फणसाच्या झाडात आहे.

गावाला धुऱ्यांच्या घरापुढे, खळ्याच्या कडेला, कापा फणस होता. खळं म्हणजे आपलं अंगण. घरात थोरले भाऊ आबा आणि वैनी. काका मुंबईला. आबा काकांपेक्षा इतके मोठे की काकांना पहिल्यांदा शाळेत नेऊन बसवलं ते आबांनीच. दर मे महिन्यात त्या झाडाचा पहिला फणस आबा गोणपाटात बांधून मुंबईच्या गाडीत टाकून द्यायचे आणि काका परळला जाऊन तो उतरवून घ्यायचे. मी लहानपणी तो खाल्ला आहे. काका गॅलरीत वर्तमानपत्र अंथरून, हाताला आणि सुरीला खोबरेल लावून बसायचे, आणि दोन मजल्यांवर वास जायचा. गरे वाटताना प्रत्येकाला सांगायचे, "घरचो हा."

एका वर्षी मे महिना संपला आणि गोणपाट आलंच नाही. काकांनी ड्रायव्हरांवर संशय घेतला. गणपतीला गावी गेले तेव्हा खुलासा झाला. खळ्याच्या कडेला नुसतं खोड होतं आणि घराला नवं कोरं दार होतं. चौकट फणसाची, फळ्या फणसाच्या, उंबरा फणसाचा, सगळं हळदीसारखं पिवळंधमक.

पुढचा संवाद काका नेहमी शब्दाला शब्द तसाच सांगतात, दोन्ही आवाजांत.

"आबा, फणस?"

"तोडलंय. जुन्या दाराक वाळवी लागलेली. दार केलंय."

"माका इचारूचा तरी!"

"तू मुंबैत ऱ्हवतस. तुका काय इचारूचा?"

आबा हे सहज बोलले असणार. कोकणात सगळे असंच बोलतात आणि संध्याकाळी एकत्र भजनाला बसतात. काका मात्र खळ्यातूनच मागे फिरले. "ह्या उमऱ्याच्या आत पाय टाकूचंय नाय," असं ओरडून सांगितलं. ते हळू बोलू शकत नसल्यामुळे अख्ख्या वाडीने ते ऐकलं, आणि वाडीने ऐकलेली शपथ मोडता येत नाही. घरात गणपती बसलेला, त्याचं तोंडही न बघता काका मिळेल त्या गाडीने परत आले. गणपतीला चाकरमानी गावाहून परत येताना लालबागने तोवर पाहिला नव्हता. लोकांना वाटलं, सुतक आलं.

तेव्हापासून धुऱ्यांच्या गणपतीला शालूकाकी एकटी जायची. "शपथ तुमची, माझी नाय," म्हणायची आणि पिशवी उचलायची. काका त्या दिवसांत गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. खाली दर्शनाची रांग, ढोल, माणसांवर माणसं. काका कठड्याला पाठ करून भिंतीकडे बघत असायचे.

उमेदवारीची कल्पना त्यांच्या डोक्यात घातली ती एका खऱ्या उमेदवाराने. कोकणातल्या बऱ्याच लोकांची मतं अजून गावाला असतात आणि माणसं लालबाग-परळला. त्यामुळे तिकडचे उमेदवार प्रचाराला इकडे येतात. असाच एक आमच्या चाळीच्या गच्चीवर आला, हात जोडून म्हणाला, "बोला, तुमका गावात काय काय होया?" बाकीच्यांनी पाणी, रस्ता, रेंज असं सांगितलं. काका नुसते बघत राहिले. खाली उतरताना मला म्हणाले, "ऐकलंस? इचारल्यान! ओळख ना देख, माका इचारल्यान." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उभं राहण्याचं जाहीर केलं.

"घरात आमटी की सार ता माका कधी इचारूक नाय," शालूकाकी गॅलरीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आणि चालले गावाक इचारूक!"

काकांना आमदारकी नको होती. हे ते स्वतःच सांगत. त्यांना आबांचं मत हवं होतं. बाकी मतदारसंघ काय वाटेल ते करो, ज्याने "तुका काय इचारूचा?" म्हटलं त्या आबाने चष्मा लावून मशीनवर दिगंबर धुरी हे नाव शोधलं पाहिजे आणि त्यापुढचं बटण दाबलं पाहिजे. एवढीच त्यांची निवडणूक. आणि खळ्यापर्यंत जायला त्यांना कारणही मिळणार होतं. भाऊ म्हणून जायची सोय राहिली नव्हती, पण उमेदवार काय, कोणाच्याही खळ्यात जातो.

अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा सूचक लागतात. काकांना ते एकाच संध्याकाळी मिळाले, सगळे लालबाग आणि कॉटन ग्रीनमधले, नावं गावाच्या यादीतली. सह्या करताना सगळे भावुक झाले होते. मतदानाच्या आदल्या दिवशी तेच दहाजण दुसऱ्या उमेदवाराच्या आरामगाडीत बसून गावाला गेले, त्याचे वडे खाल्ले, आणि आपल्याकडे खाल्ल्या वड्याला माणूस जागतो. निकाल लागला तेव्हा गावच्या केंद्रावर काकांची मतं सूचकांपेक्षा कमी भरली. दुसऱ्या गावांत, जिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं, तिथे जरा बरी पडली.

निशाणी त्यांनी मुद्दाम फणस मागून घेतली. आयोगाच्या यादीत फणस आहे, आणि तो मागणारं दुसरं कोणी नव्हतं. पण निवडणूक आली पावसाळ्यानंतर. त्या दिवसांत अख्ख्या कोकणात फणस मिळत नाही. सूचकांपैकी भिकूशेठ, कॉटन ग्रीनला ज्यांचं पानाचं दुकान आहे, त्यांनी अननस सुचवला, "लांबून काय कळताहा!" काकांनी त्यांच्याशी आठवडाभर बोलणं टाकलं. शेवटी आमच्या मागच्या गल्लीतल्या गणपतीच्या कारखान्यात फणस घडवायला दिला. मूर्तिकाराने आयुष्यभर गणपतीच केलेले. त्याने फणसही तसाच केला, पाटावर बसवलेला, तुंदिलतनू, एकेक काटा कोरलेला, कडेला सोनेरी रंगाची बारीक रेघ. देठ जरासा डावीकडे वळवलेला होता.

तो फणस जीपच्या टपावर बांधून आम्ही पहिल्या वाडीत शिरलो, तेव्हा बायका तांब्या-हळदकुंकू घेऊनच बाहेर आल्या. एका म्हातारीने नमस्कार करून विचारलं, "खयचो देव?" काका म्हणाले, "देव नाय, निशाणी." तिने तरीही फूल वाहिलं. तिन्ही निवडणुकांना तोच फणस. एरवी तो काकांच्या माळ्यावर असतो आणि गणपतीला गावी निघण्याआधी शालूकाकी त्याच्यावर फडकं मारते.

काकांची भाषणंही वेगळी. "मी रस्तो देतलंय म्हणान सांगूचंय नाय," ते गरजायचे. "मी इचारतलंय. रस्तो होयो काय? खयसून होयो? इचारल्याबिगर मी एक दगड हलवूचंय नाय!" लोक वाट बघायचे की आता पुढे काहीतरी येईल. पुढे यायचं ते असं: "आणि झाड तोडूच्या आदी, मुंबैच्या भावाक एक फोन करूचो!" इथे टाळ्या वाजायच्या नाहीत. वाडीतल्या बहुतेकांनी मुंबईच्या भावाला न विचारता काही ना काही तोडलेलंच होतं.

आणि मग त्या दौऱ्यातलं शेवटचं घर, आबांचं. पहिल्या वेळी मी सोबत होतो. काका खळ्याच्या मधोमध, हात जोडलेले. आबा पडवीत बाकावर सुपारी कातरत. वर न बघता त्यांनी विचारलं, "कोण ता?"

"उमेदवार."

"निशाणी?"

"फणस."

आबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "फणस माका सोसना नाय. वायू होता."

"लक्ष असू द्या," काका म्हणाले, आणि वळले. वैनींनी तेवढ्यात विहिरीच्या पाण्याचा तांब्या खळ्यात आणून ठेवला होता. तो काकांनी उभ्याउभ्या सगळा प्यायला. जीपमध्ये बसल्यावर म्हणाले, "बाव्हडीचा पाणी बदललाला नाय."

दुसऱ्या वेळीही हेच घडलं, फक्त आबांनी वायूऐवजी मधुमेहाचं कारण दिलं.

तिसऱ्या वेळी, म्हणजे अगदी अलीकडे, आबा खाटेला खिळलेले होते. गुडघे गेले, नजर मंद झाली. काकांनी हे ऐकलं आणि ते हबकलेच. भावाच्या तब्येतीची काळजी होतीच, पण आबा केंद्रावर जाणारच नसतील तर मत कुठून येणार? "माझी निवडणूक संपली रे," ते दारात हात न जोडता म्हणाले, म्हणून मला त्याचं गांभीर्य कळलं. मीच त्यांना सांगितलं की आता खूप वयस्कर मतदारांकडे सरकारी माणसं घरी येऊन मत घेतात. उमेदवाराचा प्रतिनिधी तिथे हजर राहू शकतो. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी माझ्या विमा कंपनीतल्या ऑफिसात रजा टाकली.

ठरलेल्या दिवशी सकाळी आम्ही आबांच्या खळ्यात पोहोचलो. अधिकारी बाई, त्यांचे एक मदतनीस, कॅमेरावाला आणि एक पोलीस अशी मंडळी आली. वैनींनी सगळ्यांना सरबत विचारलं, बाईंनी नियमावर बोट ठेवून नाही म्हटलं, वैनींनी तो नियम करणाऱ्याला दोन शब्द ऐकवले. मी आत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. काका खळ्यातच.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"ते स्वतः उमेदवार," मी म्हटलं.

बाई चकित झाल्या. एका मतासाठी उमेदवार स्वतः आलेला त्यांनी पाहिला नसावा. "या ना आत," त्या म्हणाल्या.

"माका हयसून दिसता," काका म्हणाले.

आबांच्या खाटेवर, त्यांच्या पोटाशी, पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. आबांना मतपत्रिका दिली, पेन दिलं. मग बराच वेळ काही झालं नाही. पुठ्ठ्यामागून फक्त कागदाची सळसळ. बाई घड्याळ बघत होत्या. पोलीस छपराची कौलं बघत होता. मी दारातून काकांकडे पाहिलं. ते तुळशीपाशी उभे होते, हात जोडलेले.

आणि पुठ्ठ्यामागून आबांचा आवाज आला, खणखणीत. तो आवाज काकांसारखाच आहे हे मला तेव्हा कळलं.

"ह्यात दिगूचा नाव खय हा?"

"आजोबा!" बाई अर्ध्या उठल्या. "मोठ्याने बोलायचं नाही. गुप्त मतदान आहे."

"गुपित कसला? नाव इचारतंय, मत सांगतंय काय?"

"तुमचं तुम्हीच बघायचं, आजोबा. आम्हाला सांगता येत नाही."

आबा पुटपुटले. पुन्हा सळसळ. खळ्यात काकांनी जोडलेले हात सोडले होते आणि ते तुळशीच्या कट्ट्यावर टेकून उभे होते. भांडणाला इतकी वर्षं झाली, पण त्या घरातून दिगू हे नाव मोठ्याने घेतलेलं त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

मत झालं. लिफाफा बंद झाला, त्यावर लिफाफा झाला, कॅमेरावाल्याने सगळं टिपलं, आणि मंडळी पुढच्या घराकडे निघाली. काकांनी त्यांना वाट करून दिली. त्यांचंही काम झालं होतं. ते नेहमीप्रमाणे म्हणाले, "लक्ष असू द्या," आणि वळले.

"वैनी," खाटेवरून आबा म्हणाले. ते बायकोला वैनीच म्हणतात, सगळी वाडी म्हणते म्हणून. "त्या उमेदवाराक सांग, माझा मत झाला. आता हयसर त्याका काय मिळाचा नाय. तेणी जावचा." आणि तितक्याच मोठ्या आवाजात: "दिगू आसात तर त्याका भितूर येवंदे. माका इचारूचा आसा."

वैनी दारात आल्या. बाजूला होऊन उभ्या राहिल्या.

काका दारापर्यंत आले. चपला काढल्या, सवयीने पाय जुळवून उभे राहिले. उंबरा आता पिवळा नव्हता, चहासारखा काळपट तांबडा झाला होता, मधोमध झिजलेला. काका खाली वाकले, हात फिरवून पाहिला. "बरो निघालो लाकूड," ते स्वतःशी म्हणाले आणि आत आले. अख्ख्या वाडीने ऐकलेली शपथ त्यांनी मोडली तेव्हा वाडीतलं कोणी बघायलाही नव्हतं.

आबांनी त्यांना खाटेच्या कडेला बसवलं. कसा आहेस वगैरे काही नाही. ते म्हणाले, "मागल्या दारचो फणस वठलोहा. तोडूचो की ऱ्हवांदे? तू सांग."

पाणी, रस्ता, रेल्वे, मासळी, मुंबईचं राजकारण, जगात ज्या ज्या गोष्टीवर मत देता येतं त्यावर न मागता मत देणारे दिगूकाका उठून उभे राहिले. म्हणाले, "बघून सांगतंय."

मग ते मागच्या दाराने झाड बघायला गेले आणि इतका वेळ आले नाहीत की वैनी म्हणाल्या, "जा रे, बघ, पडलो बिडलो की काय." मी गेलो. काका झाडाला पाठ टेकून बसले होते आणि लहान पोरासारखे रडत होते. मी परत येऊन सांगितलं, "झाड बघतायत."

निकालाच्या दिवशी टपालाची मतं, त्यातच ही घरून घेतलेलीही, आधी मोजली. काकांच्या नावापुढे शून्य. म्हणजे आबांनी नाव विचारलं, शोधलं, आणि मत दिलं दुसऱ्यालाच. मला राग आला. मी काकांना तसं बोललोही. काका केंद्राबाहेर वडापाव खात होते. ते हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले.

"शोधल्यान ना?" ते म्हणाले. "चष्मो लावून शोधल्यान. आणि मगे दिल्यान नाय! आबा तो. त्याका कोण सांगतलो?"

लालबागला परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि थेट आत येऊन खुर्चीवर बसले. माझ्या बायकोच्या हातातली कढई निसटायची राहिली. "मगे," काका म्हणाले, "तुझा काय म्हणना? तोडूचो की ऱ्हवांदे?" पुढचे काही दिवस ते चाळीतल्या प्रत्येक घरात असेच जाऊन बसले, चहा प्यायले आणि फणसाबद्दल मतं घेतली. तळमजल्यावरच्या त्या सुनेलाही विचारलं. तिने फणस झाडावर लागलेला कधी पाहिला नव्हता, तरी तिला वाटलं की राहू द्यावा. फक्त शालूकाकीला विचारायचं राहिलं, आणि ते तिने त्यांना बरेच दिवस ऐकवलं.

निर्णय मात्र होईना. त्यासाठी झाड पुन्हा बघणं आलं, म्हणून काका गावी गेले. परत आले ते अर्धवट ठरवून. मग पुन्हा गेले. आता दर महिन्याला जातात. गणपतीलाही गेले, शालूकाकीच्या पिशव्या उचलून. जाताना आबांसाठी लालबागचा मसाला नेतात, येताना वैनींनी दिलेलं काहीबाही आणतात. फणसाचं घोंगडं तसंच भिजत पडलेलं.

परवा मी कॉटन ग्रीनला भिकूशेठकडे पान खायला थांबलो होतो. ते नुकतेच गावाहून आलेले. मी सहज विचारलं, "धुऱ्यांच्या मागच्या फणसाचं काय झालं? ठरलं की नाही?"

"खयचो फणस?" भिकूशेठ चुना लावता लावता म्हणाले. "तो पावसात पडलो नाय? मुळासकट. तेची लाकडा पण वैनीनी कधीच चुलीत घातली."

पाऊस संपून आता बरेच दिवस झाले. त्यानंतर काका निदान दोनदा तरी तो फणस बघून आले होते.

आज सकाळी ते पिशवी घेऊन आले, आत येऊन बसले. "गावाक जातंय," म्हणाले. "त्या फणसाचा काय ता बघूक होया. आबा म्हणता तोडूया, मी म्हणतंय ऱ्हवांदे अजून एक वर्स. दोघांचा काय जमना नाय."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. चेहऱ्यावर कसलंही खोटं नव्हतं.

"घाई करू नका काका," मी म्हटलं. "राहू दे म्हणून सांगा आबांना. माझं मत तुम्हाला."

काकांनी कित्येक महिन्यांनी हात जोडले. मग चहा संपवला, कप आत नेऊन ठेवला आणि चपला घालायला बाहेर गेले.